अर्ध्या हप्त्याचे काका

सौदीत पगारावर आयकर नाही याचं दुःख झालेला एकच माणूस मी आजवर पाहिलाय. ते म्हणजे आमचे काका.

"या देशात सगळं आहे रे," रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभे राहून ते म्हणायचे. "रस्ते आहेत, पेट्रोल आहे, खजूर आहे. पण रिटर्न नाही. माणसाने वर्षभर काय कमावलं नि कुठे घातलं, हे कुणी विचारायलाच नको? हे काय जगणं झालं?"

पुढे इथे व्हॅट आला, तेव्हा सगळे हळहळत होते आणि काकांनी ऑफिसात चॉकलेटं वाटली. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेलं दही-पावाचं बिल ते दिवसभर सगळ्यांना दाखवत होते, नातवाचा पहिला फोटो दाखवावा तसं. "बघ, खाली वेगळा आकडा छापलाय!" म्हणायचे. मी ते बिल तीन वेळा पाहिलं. त्यात दह्याखेरीज काही विशेष नव्हतं.

ते आमच्या बांधकाम कंपनीचे अकाउंटंट आणि मी तिथल्याच ड्रॉइंगच्या फायली सांभाळणारा. ते राजापूरकडचे, मी चिपळूणचा. त्यांना खरं नाव होतं, इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, छापलेलंही होतं, पण ते कुणी घेत नसे. एवढंच काय, आमचा सौदी मॅनेजरही त्यांना "काका" म्हणायचा. त्याला वाटे, ती त्यांची पदवी आहे.

बाहेर अंगाची लाही होत असली तरी ऑफिसात ते हाफ स्वेटर घालून बसत. खिशात स्टीलची सहा इंची पट्टी आणि दोन पेनं, एक निळं नि एक लाल. पट्टीचा उपयोग रेघ मारायला कमी आणि वाटणी करायला जास्त. केळंसुद्धा ते पट्टी लावून मधोमध कापायचे. त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसणं म्हणजे परीक्षाच होती. एकदा आम्ही तिघे एकाच टॅक्सीने निघालो. आमचा एक मित्र अर्ध्या वाटेवर उतरला, तर काकांनी टॅक्सी तिथेच थांबवून धरली. मीटर वाचला, इथवरचं भाडं भागिले तीन, इथून पुढचं भागिले दोन, असं तोंडी गणित मांडलं आणि मित्राकडून त्याचे चार रियाल घेतल्यावरच त्याला सोडलं. मागे गाड्यांचे हॉर्न कोकलत होते. पेशावरचा ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणत होता, "यल्ला चाचा, यल्ला! मेरे चार रियाल भी आप रख लो!" काकांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "क्यूं? तुम तो अभी उतरा नहीं."

पण हा माणूस चिकट होता असं समजू नका. चिकट माणूस स्वतःचं वाचवतो. काकांना फक्त ज्याचं त्याला गेलेलं बघायचं असायचं. त्यापुढे नुकसान झालं तरी त्यांना चालायचं, आणि हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं.

शुक्रवारी सकाळी आठपासून जुम्म्याच्या अजानपर्यंत काकांच्या दोन खोल्यांच्या घरात दरबार भरायचा. इथे कर नसला तरी आपल्याकडच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवीचं व्याज यांवर भारतात कर लागतोच. त्याचे रिटर्न भरून द्यायचं काम काका फुकट करत. फुकट म्हणजे, येताना काहीतरी दोन भाग होण्यासारखं आणायचं, ही अट. कलिंगड, पाव, खजुराचा डबा, काहीही. काका त्याचे दोन भाग करत, एक ठेवून घेत आणि दुसरा तुमच्या पिशवीत परत घालत. एकाने चेष्टेने अंडं आणलं. काकांनी ते उकडलं आणि पट्टी काढली.

त्यांचा खास प्रांत मात्र एकच, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा. हप्ता भरला की करात सूट मिळते. पण भावंडं दोन-तीन, हप्ता एक, आणि रिटर्न प्रत्येकाचा वेगळा. मग सूट कुणी घ्यायची? यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "ज्याच्या खात्यातून गेलं, त्याचं पुण्य." ज्याने जेवढं भरलं, तेवढीच त्याला सूट. रोख दिलेलं धरायचं नाही, कारण कायदाच धरत नाही. वहीत दोन रकाने असत. निळ्या शाईत ज्याने भरलं तो आणि लाल शाईत ज्याने "भरलं" म्हणून सांगितलं तो. लाल रकाना नेहमी लांब असायचा.

सांगलीकडची एक नर्सताई आणि तिचा नवरा दर वर्षी यायचे. दोघेही कमावते, दोघांचे रिटर्न वेगळे. तिच्या आईवडिलांचा विमा ती भरायची आणि सूट नवरा दाखवायचा. पहिल्याच वर्षी काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"हे तुमचे कोण?"

"सासू-सासरे."

"मग आयकरात हे तुमचे कुणी नव्हेत. ताई, ही सूट तुमची."

"अहो, पण घर एकच आहे ना आमचं," नवरा म्हणाला.

"घर एक असू दे. लग्न एक, रिटर्न दोन. समजलं काय?"

ताईंनी पुढच्या शुक्रवारी डबाभर करंज्या आणल्या. नवऱ्याने त्यातली एकही खाल्ली नाही, असं काका सांगायचे. मला ते खरं वाटत नाही, कारण करंज्या मी खाल्ल्यात.

आता माझं सांगतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सौदीच्या पार उत्तरेला तबूकला एका कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन आहे. बाबा गेले आणि चिपळूणला आई एकटी राहिली. तिचा विमा दादाने काढला, हप्ताही तोच ऑनलाइन भरायचा. माझा निम्मा वाटा मी त्याला रोख द्यायचो. वर्षातून एकदा तो रियाधला यायचा, तेव्हा पाकिटात घालून, त्याच्याकडे न बघता खिशात सरकवायचा, अशी आमची रीत. बँकेतून पाठवले असते तर तो म्हणाला असता, "मी काय तुझा घरमालक आहे?" भावाभावात पैसे असेच जातात. पावती वगैरे असते ती परक्यांत.

त्या वर्षी मी काकांना न विचारता स्वतःच मोबाइलवर रिटर्न भरला आणि पनवेलच्या फ्लॅटच्या भाड्यातून हप्त्याच्या निम्म्या रकमेची सूट मागितली. चार महिन्यांनी आयकरवाल्यांनी पुरावा मागितला. माझ्याकडे पुरावा कुठला? मी दादाला फोन केला आणि सहज म्हटलं, "दर वर्षी माझ्याकडून निम्मे मिळाले असं एका कागदावर लिहून सही करून पाठव ना."



"आईच्या औषधपाण्याची पावती मागतोस?" दादा म्हणाला. "माझ्याकडे? बाबा असते तर तुझ्या तोंडात मारली असती."

मीही काहीतरी बोललो. काय ते इथे लिहीत नाही, कारण दादा हे वाचण्याची शक्यता आहे. त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद होतं.

मग विम्याची तारीख आली. दादाने आईला सांगितलं, "यंदा तो पावतीवाला भरेल." मी आईला सांगितलं, "कागद त्याच्याकडे आहेत, थोरला तो आहे, तोच भरेल." आई मला म्हणाली, "मला कशाला रे विमा? दोन मुलगे आहेत, तोच माझा विमा." दोन मुलग्यांचा विमा एकमेकांशी बोलत नाही, हे तिला दिसत होतं, पण बोलून दाखवायची तिची पद्धत नव्हती. तारीख उलटली. वरचे तीस दिवस सवलतीचे असतात, ते मी मनातल्या मनात मोजत होतो आणि भरत मात्र नव्हतो. आपण आधी भरलं तर आपण हरलो, असं मला वाटत होतं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो हे सांगताना लाज वाटते.

सव्विसाव्या दिवशी ऑफिसात काकांनी माझं तोंड बघून सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल रकान्यासारखा झाला.

"मेल्या, पॉलिसी तुटली तर काय होईल ठाऊक आहे? आईचं वय किती?"

"एकाहत्तर."

"साखर?"

"आहे. आणि गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय पुढच्या वर्षी."

"म्हणजे जुनी पॉलिसी गेली की नवी कुणी देणार नाही. आणि दिलीच, तरी गुडघ्याला दोन वर्षं थांबा म्हणतील. तोवर तिने काय करायचं? तुमच्या दोघांच्या अकलेला टेकून चालायचं?"

मी म्हटलं, "आत्ता भरतो, काका. सगळं भरतो." त्यांनी माझ्या हातातला मोबाइल काढून टेबलावर उपडा ठेवला. "भरशील. मग पुढल्या वर्षी परत हेच. अजून चार दिवस आहेत. तुझ्या भावाचा नंबर दे."

दादाला त्यांनी फोनवर सांगितलं की भावाच्या नोटिशीत तुझाही रिटर्न अडकलाय आणि तू कागद घेऊन समोर आल्याशिवाय तो सुटत नाही. ही शुद्ध थाप होती. खोटा आकडा लिहिणाऱ्याला दारात उभं न करणारा हा माणूस इतक्या सहज थाप मारू शकतो, हे मी प्रथमच पाहिलं.

दादा गुरुवारी संध्याकाळच्या विमानाने तबूकहून आला. तो लॉजवर उतरला, माझ्याकडे नाही. शुक्रवारी सकाळी मी काकांच्या घरी पोचलो तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. पायाशी तबूकच्या पीचची पेटी. दाढी जरा जास्त पांढरी झाली होती. त्याने माझ्याकडे न बघता काकांना विचारलं, "हे कशाला आलेत?"

"अर्धा विमा त्याचा आहे असं तो म्हणतो," काका म्हणाले आणि वही उघडली. निळ्यात दादाचं नाव लिहिलं, लालात माझं.

मी उसळलो. "लालात का? मी दर वर्षी पैसे दिलेत!"

"कुणाला?"

"याला!"

"याने दिले काय रे?" काकांनी दादाला विचारलं.

दादा पेटीकडे बघत बसला. मला खरंच भीती वाटली, की हा आता नाही म्हणेल आणि मग आमच्यात काहीच उरणार नाही. आईच्या गुडघ्याचं त्या क्षणी मी विसरलो होतो.

"दिले," दादा म्हणाला. "दर वर्षी दिले. एकदा दोनशे रियाल जास्तच होते. मी विचारलं नाही."

"ते आईच्या चष्म्याचे होते," मी म्हटलं.

"मग सांगायचंस ना."

"पाकिटावर लिहिलं होतं."

"पाकीट कोण वाचतं?"

"बस्!" काकांनी पट्टी आपटली. "तू भावाला पैसे देतोस ते पाकिटात घालून, लग्नातला अहेर दिल्यासारखे. आणि तू, दोन ओळी लिहून द्यायला तुझा हात मोडला असता काय? दोघेही प्रामाणिक नि दोघेही गाढव. कायद्याला यातलं काही दिसत नाही. कायद्याला खातं दिसतं."

मग त्यांनी तोडगा काढला. हप्ता वर्षाचा भरायचा नाही, सहामाही करून घ्यायचा. पहिली सहामाही दादाच्या खात्यातून, दुसरी माझ्या. ज्याची त्याला सूट, निळ्या शाईत. "एकाचा चुकला की दुसऱ्याचाही पाण्यात. म्हणून ज्याचा हप्ता नसेल त्याने दुसऱ्याला फोन करून विचारायचं, भरलास काय. ज्याचा असतो तो विसरतो. हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे."

विमा कंपनीच्या कॉलसेंटरशी काका अर्धा तास भांडले आणि सहामाही करून घेतलीच. दादाने मोबाइल काढला. त्याच्या भारतातल्या सिमवर ओटीपी येईना. एकदा वेळ संपली, मग दुसऱ्यांदाही संपली. आम्ही तिघे बाल्कनीत गेलो. दादा फोन धरून हात वर करून उभा आणि मी त्याच्या दंडाला धरून त्याला कठड्यावरून मागे ओढतोय. खालून एक माणूस वर बघत होता. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. तिसऱ्यांदा ओटीपी आला. दादाला चष्म्याशिवाय दिसेना, तेव्हा आकडे मी वाचले आणि त्याने दाबले. पैसे गेले.

आत येऊन काकांनी पीच मोजले. अकरा होते. पाच दादाला, पाच मला. अकरावा स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "ही फी. तुम्ही दोघांनी मला फार त्रास दिलात."

मी आयकरवाल्यांकडे चुकीच्या सुटीवरचा कर व्याजासकट भरला. पुढच्या वर्षी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन विम्यातून झालं. आता ती मंडईत एकटी जाते आणि भाजीवाल्याशी उभ्याने भांडते.

दोन वर्षांपूर्वी काका फायनल एक्झिट घेऊन कायमचे गावी परतले. जाताना घरातलं सामान वाटलं. तेही त्यांच्याच पद्धतीने. मिक्सरची मोटर मला दिली आणि भांडी त्या नर्सताईंना. मी म्हटलं, "काका, याचा उपयोग काय?" तर म्हणाले, "निम्मं निम्मं झालं की नाही?" अजूनही चटणी वाटायची तर मला मोटर उचलून नर्सताईंच्या घरी जावं लागतं, मग त्या जेवूनच जा म्हणतात. नवरा आता करंज्याही खातो.

काका गावी परतल्यावर मी चिपळूणला एक सीए गाठली, अगदी तरुण मुलगी. तिने आमचे दोघांचेही कागद मागवले आणि दोन दिवसांनी फोन केला.

"सर, हे सहामाहीचं कुणी बसवून दिलं?"

"आमचे काका. फार हुशार माणूस. का?"

"नाही, म्हणजे... तुमच्या भावाला भारतात फक्त ठेवीचं व्याज आहे. ते मर्यादेच्या खालीच आहे, त्यांना कर लागतच नाही. बँकेने कापलेला करही सगळा परत मिळतो. मग त्यांना सुटीचा उपयोग शून्य. अख्खा हप्ता तुम्ही भरला असता तर सगळी सूट तुम्हाला मिळाली असती. शिवाय सहामाहीला हप्ता थोडा जास्त पडतो. दर वर्षी दोन्हीकडून नुकसानच आहे, सर. हे कुठल्याही अकाउंटंटला पहिल्या मिनिटात दिसेल."

मी फोन ठेवला. चार रियालसाठी भर रस्त्यात टॅक्सी थांबवून धरणारा माणूस. दादाचे कागद त्या शुक्रवारी त्यांच्या समोरच पडले होते.

मी राजापूरला फोन लावला. काका बागेत होते. पेट्यांत आंबे भरताना गड्यांशी वाद चालला होता, तो ऐकू येत होता. मी त्यांना सीएने सांगितलेलं सगळं सांगितलं.

"असं?" काका म्हणाले. "मग चुकलं असेल रे. वय झालं माझं."

"काका, तुमचं कधी चुकत नाही."

"तेव्हा चुकलं. ती पोरगी हुशार दिसते. तिचं ऐक, सगळं तुझ्या नावावर करून घे." मग जरा थांबून म्हणाले, "भाऊ फोन करतो काय?"

"करतो. न चुकता."

"बरं बरं. इकडे हे लोक पेटीत एक आंबा जास्त घालतायत, ठेवतो मी." आणि त्यांनी फोन ठेवला. मला रडू आलं, हे कबूल करतो. ऑफिसात होतो म्हणून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सीएला मी कळवलं की आहे ते तसंच राहू दे. ती म्हणाली, "सर, पण नुकसान..." मी म्हटलं, "माहीत आहे." तिने फाइलवर नक्कीच काहीतरी लिहून ठेवलं असणार, बहुधा लाल शाईत.

गेल्या आठवड्यात माझी सहामाही होती. मी हप्ता सोमवारीच भरला होता, पावतीही आली होती. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुटीत दादाचा फोन आला. मागे साइटवर कसलंतरी यंत्र धडधडत होतं, म्हणून तो ओरडूनच बोलत होता.

"भरलास काय?"

"नाही रे," मी म्हटलं. "विसरलोच होतो बघ. बरं झालं आठवण केलीस."

मग दहा मिनिटं त्याने मला झापलं. आईचं वय काढलं, माझं वय काढलं, लहानपणी मी हरवलेल्या छत्र्या काढल्या. मी फोन कानाला लावून हूं हूं करत राहिलो. शेवटी त्याचा दम संपला. मागचं यंत्रही थांबलं.

"बरं, ते असू दे," दादा म्हणाला. "जेवलास काय?"